एक किलो इकडेतिकडे

३ फेब्रुवारी

पत्राच्या वरच्या कोपऱ्यात लहानांना आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मी तो लिहीत नाही. तुझं नावही लिहीत नाही. माझी मुलगी तुला लंबू म्हणायची आणि आमच्या घरात तुझं तेवढंच नाव येत असे, म्हणून मीही तेच वापरेन.

फोनवर मला नीट बोलता येत नाही. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून सत्तावीस वर्षं दुकानदारांना नोटिसा लिहीत आलो, त्यामुळे सांगायचं ते कागदावर बरं जमतं. हीही नोटीसच समज.

माझ्या मुंगीला जाऊन आज चौदा दिवस झाले. मंगळवारी दुपारी साडेचारला ती वसतिगृहात तुमच्या मजल्यावरच्या न्हाणीघराबाहेर पडली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपली. वीस वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं पोटॅशियम इतकं खाली गेलं होतं की हृदय थांबलं. म्हणाले, ही मुलगी कित्येक महिने भरमसाट खात होती आणि खाल्लेलं ओकून टाकत होती. मी म्हटलं, शक्य नाही, तिचं वजन दर रविवारी घेतलं जात होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

वजन घेत होतीस तू. गेल्या जूनमध्ये मी स्वतः काटा घेऊन तुमच्या खोलीत आलो होतो. तू खिडकीत बसून ओले केस पुसत होतीस. मी म्हटलं, "रविवारी सकाळी दहाला. आकडा तू पाठवायचास, हिने नाही. स्वतःचं माप स्वतः घेऊ नये." तू म्हणालीस, "म्हणजे काका, मी तुमची बिनपगारी इन्स्पेक्टर!" मुंगी हसली. मग मी मर्यादा सांगितली. चोपन्न किलो, एक किलो इकडेतिकडे. त्याबाहेर गेलं तर तिला घरी आणीन आणि घराजवळच्या कॉलेजात घालीन. हे तुझ्यादेखत सांगितलं होतं, त्यामुळे माहीत नव्हतं असं तुला म्हणता येणार नाही.

तेव्हापासून सुट्टीतले दोन रविवार सोडले तर एकोणतीस आकडे आले. सगळे माझ्या वहीत आहेत. एकही त्रेपन्नच्या खाली नाही, एकही पंचावन्नच्या वर नाही. आकडा आला की मला बरं वाटायचं. आता वाटतं, मी इतका मूर्ख कसा. ज्या दुकानात वर्षानुवर्षं काहीच सापडत नाही त्या दुकानात मी आधी शिरतो. जिवंत माणसाचं वजन असं खिळ्याला टांगल्यासारखं राहत नाही. परीक्षा येते, सर्दी होते, लग्नाचं जेवण होतं. तू काटा मारलास. रविवारची झोप मोडायला नको म्हणून अंथरुणातून आकडे भरलेस, नाहीतर मैत्रिणीला पाठीशी घातलंस. आणि इतक्या महिन्यांत आकड्यापलीकडे एक शब्द मला कळवला नाहीस. मूग गिळून बसलीस.

मी वसतिगृहाकडे लेखी तक्रार केली आहे. चौकशी समिती २७ तारखेला बसेल. रेक्टरबाईंनी सांगितलं की माझा जबाब तक्रारीसारखाच आला तर तुझी खोली जाईल आणि एप्रिलच्या परीक्षेला तुला बसू देणार नाहीत. तुझं शेवटचं वर्ष आहे असं कळलं. माझ्या मुलीचंही तेच शेवटचं ठरलं.

काटा मी विकत घेतलेला, मीच तपासून सील केलेला आहे. त्याला हात लावू नकोस. मी येऊन नेईन.

मुंगीचा बाप

१० फेब्रुवारी

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. "काटा तुमचाच आहे, काका. तपासून बघा." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. तपासणार तर आहेच. तपासणं हे माझं पोट आहे.

रविवारी मी सामान न्यायला आलो तेव्हा तू लायब्ररीत होतीस, किंवा तसं सांगायला सांगितलं होतंस. रेक्टरबाई सोबत होत्या. मुंगीची गादी गुंडाळून दोरीने बांधलेली होती. टेबलाच्या खणात नोट्स, पेनांची टोपणं, केसांचे रबर. काटा तिच्या खाटेखाली होता, पुसलेला. इतका स्वच्छ की मला चीड आली.

तुमच्या मजल्यावरच्या सामायिक फ्रिजच्या दारावर आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. "सावधान! मुंग्या लागतात. डबे बंद ठेवा." खाली मुंगीचं चित्र, पोट टम्म फुगलेलं. टेप पिवळी पडली आहे, म्हणजे बरेच महिने ती तिथे आहे. माझी मुलगी रोज तो फ्रिज उघडत होती. अक्षर कोणाचं ते मी ओळखलं. तुझ्या दोन ओळी माझ्या खिशातच होत्या.

मुंगी हे नाव मी ठेवलेलं आहे. दीड वर्षाची असताना साखरेचा डबा कुठेही ठेवला तरी ती रांगत तिथे पोचायची. ते तुमच्या चेष्टेसाठी नव्हतं.

खाटेखाली तिची पत्र्याची पेटी होती. कुलूप लावलेलं, किल्ली कुठेच नाही. रेक्टरबाई म्हणाल्या, "किल्ली तिच्या पार्टनरकडे असते, असं मुली सांगतात." म्हणजे माझ्या मुलीच्या पेटीला तुझं कुलूप. हलवली तर आत डबे वाजले. खाण्याचं सामान तू कुलपात ठेवायचीस आणि तिला उपाशी मारायचीस, असा मी त्याचा अर्थ लावला आहे. वेगळा असेल तर समितीला सांग.

खाली मेसमध्ये गेलो. तिथल्या मावशी भांडी उपडी घालत होत्या. मी कोण ते कळल्यावर त्यांनी हात पुसले.

"साहेब, पोरगी जेवायची चिमणीसारखी. चार चमचे वाढून घ्यायची. आणि दुपारी मुली वर्गात गेल्या की मागच्या दाराने यायची. मावशी, सकाळचे पाव उरले का? द्यायची मी. दहा-दहा पाव. मी म्हणायची, बाई गं, पोटात काय गिरणी बसवलीस? तर हसायची."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? पोर खातेय म्हणून तक्रार करतात का कुणी?"

त्या अडाणी नाहीत, पण मेसमध्ये काम करतात. त्यांना मी सोडून देतो. तू सहा फुटांवर झोपत होतीस.

किल्ली पाठव.

१५ फेब्रुवारी

किल्ली पोचली. सोबतचं तुझं पत्र आणि तिची चिठ्ठीही.

चिठ्ठी तिच्याच अक्षरात आहे, मी ते नाकारत नाही. "लंबू, किल्ली देऊ नकोस. मी मागितली तरी. पाया पडले तरी. शुक्रवारी दे." वहीचं अर्धं पान. चार वेळा घडी घातलेलं.

तुझं पत्र मी तिच्या आईला वाचून दाखवलं. तिने मशीन थांबवलं नाही, शिवत राहिली. फ्रिजवरची चिठ्ठी तुझी, ऑगस्टमधली, हे तू कबूल केलंस. "तेव्हा मला वाटायचं ती हावरट आहे. आम्ही सगळ्याच हसायचो, तीही हसायची." सप्टेंबरमध्ये तिने स्वतःच तुला किल्ली दिली. पहिल्याच दिवशी परत मागितली, तू दिली नाहीस तर तिने तुझ्या मनगटाला चावा घेतला आणि मग तासभर तुझे पाय धरून बसली. तू तिला विद्यापीठाच्या दवाखान्यात नेलंस. तिथल्या बाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, "वजन तर छान आहे. टेन्शन घेऊ नकोस, बाहेरचं खाऊ नकोस." घरी सांगू या म्हटलंस तर ती म्हणाली, "बाबा घरी नेतील. कॉलेज गेलं तर मी काय करू? सांगितलंस तर तू मला मेलीस."

हे सगळं खरं असेल. त्याने तुझी सुटका होत नाही, उलट तू आणखी अडकतेस. सप्टेंबरमध्ये तुला कळलं होतं. जानेवारीपर्यंत किती महिने झाले ते तूच मोज. वीस वर्षांच्या मुलीने "सांगू नकोस" म्हटलं म्हणून तू सांगितलं नाहीस. तिला तुझी मैत्री हवी होती, तुला तिची. मधल्यामध्ये ती गेली.

पेटी आम्ही स्वयंपाकघरात उघडली. आत बिस्किटांचे पुडे, जामची अर्धी बाटली, सुकलेला पाव, साखर, एक मोठा चमचा. आणि सात प्लास्टिकचे डबे, स्वच्छ धुतलेले, प्रत्येकावर वेगवेगळ्या मुलीचं नाव. आत भरायला वेफर्सची पाकिटं आणून ठेवली होती. म्हणजे दुसऱ्यांचं खाल्लेलं ती भरून देत होती. तिच्या आईने एकेक डबा हातात घेतला आणि झाकण नीट बसतं का ते पाहिलं. मग म्हणाली, "हे डबे परत करायला हवेत."

तू पत्रात शेवटी विचारलं आहेस की हे सगळं सुरू कुठून झालं. तो प्रश्न तुझा नाही. तरी लिहितो, म्हणजे समितीपुढे तू नको ती गोष्ट सांगायला नकोस.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा अंगाने भरली होती. नवी जागा, एकटीची खोली, अभ्यास झेपत नव्हता आणि ती खात बसायची, असं तिने आईला सांगितलं होतं. मला नाही. घरी पाहुणे होते. मी दारात तिची बॅग घेतली आणि म्हटलं, "मुंगी म्हणून पाठवली होती, हत्तीण परत आली." सगळे हसले. तीही हसली. नंतर जेवताना तिने दुसऱ्यांदा काही घेतलं नाही, आणि मला वाटलं, बरं झालं, समजलं तिला.

बाप म्हणून मी एक विनोद केला. तू महिनोन्‌महिने खोटे आकडे पाठवलेस. दोन्ही एका पारड्यात घालू नकोस.

शनिवारी ऑफिसात काटा तपासतो. प्रमाण वजनांसमोर कोणाचंच चालत नाही.

२१ फेब्रुवारी

काटा तपासला.

शनिवार असल्यामुळे ऑफिसात मी आणि आमचा म्हातारा शिपाई दोघंच होतो. त्याने प्रमाण वजनांची पेटी काढून दिली आणि काट्यावरची माझी छाप पाहिली. म्हणाला, "साहेब, कोणाचा आहे? दंड लावायचा का?" म्हटलं, माझाच.

सिमेंटच्या ओट्यावर काटा ठेवला, त्याचे पाय फिरवून पातळी जुळवली. आधी सील पाहिलं. तार अखंड, शिशावरची छाप माझीच. मग वजनं चढवली. वीसला वीस. चाळीसला चाळीस. मग दोन विसाची, एक दहाचं आणि दोन दोनची अशी चोपन्न. काट्याने चोपन्न दाखवलं. चारही कोपऱ्यांवर वजन सरकवून पाहिलं. उतरवलं, पुन्हा चढवलं, दहा वेळा. काटा बरोबर आहे.

मला थांबता आलं असतं. काटा बरोबर म्हणजे आकडे भरणारी खोटी, आणि तेवढंच समितीला हवं होतं. पण या काट्याला मागची पाचशे वजनं तारीखवेळेसह लक्षात राहतात. मागच्या बाजूला एक बटण आहे. दवाखान्यांना काटे तपासून देताना मीच त्यांना ते दाखवतो. आजवर ते मला का आठवलं नाही, हे तू विचारशील. तू दोन ओळींत "तपासून बघा" म्हणालीस तेव्हा तुला ते माहीत होतं का? की तुझा आपला काट्यावर विश्वास होता?

वही शेजारी ठेवून मी एकेक नोंद जुळवली. एकोणतीस रविवार, दहाच्या आसपास. एकोणतीसही तू पाठवलेल्या आकड्यांशी जुळतात. शंभर ग्रॅमचाही फरक नाही.

तू काटा मारला नाहीस.

हे वाचून तुला समाधान होईल. होऊ दे. पण थांब, कारण त्या पाचशे नोंदींतल्या तुझ्या एकोणतीसच आहेत. सुट्टीतल्या दोन आठवड्यांत एकही नाही, काटा तुमच्या खोलीतच होता. बाकीच्या मंगळवारच्या आणि गुरुवारच्या. दुपारी दोन ते चार, जेव्हा तुम्ही सगळ्या प्रॅक्टिकलला असता. तीन-तीनचे गट. दोन वाजता चोपन्न. तासाभराने त्याहून पावणेदोन किलो जास्त. आणखी थोड्या वेळाने पुन्हा चोपन्न. ऑक्टोबरनंतर इतर वारही येतात, आणि डिसेंबरात दिवसातून दोनदा. मी उभा राहून वाचत होतो. शिपायाने खुर्ची आणून मागे ठेवली.

तिची शेवटची नोंद वीस जानेवारी, दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटं. चोपन्न पूर्णांक शून्य.

अडतीस मिनिटांनी ती पडली. मर्यादेच्या अगदी मधोमध होती. माझ्यासमोर एखादा काटा असा आला असता तर मी डोळे झाकून छाप मारली असती.

घरी येऊन तिच्या आईला सांगितलं. ती या वेळी मशीन थांबवून बोलली. सुट्टीत मुंगीचे गाल सुजल्यासारखे दिसत होते, मापाचा झगा कमरेला तोच आणि तरी चेहरा वेगळा, असं तिने मला तेव्हाच म्हटलं होतं, याची तिने आठवण दिली.

"मी काय म्हणालो होतो?"

"म्हणालात, वजन बरोबर आहे ना, मग झालं."

"तू पुढे बोलली का नाहीस?"

"तुमच्याशी आकड्यावर कोण वाद घालणार, अहो? बाजारातले व्यापारी घालत नाहीत."

मी तुझ्यावर अजून रागावलेलो आहे. तू खरं बोललीस म्हणून राग कमी होईल असं मला वाटलं होतं. तो वाढला. तू खोटी निघाली असतीस तर मला कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती. आता सहा दिवसांनी समितीपुढे मी काय म्हणायचं? जबाबाचा कागद टेबलावर आहे. त्यावर फक्त माझं नाव आणि हुद्दा लिहून झाला आहे.

२५ फेब्रुवारी

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की आकड्यापलीकडे तू एक शब्द कळवला नाहीस. ते खोटं आहे. लिहिताना मला माहीत होतं की ते खोटं आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार. तुझा निरोप आला, "५४.१. काका, जरा बोलायचं होतं." आम्ही नाश्ता करत होतो. मी तुला उत्तर पाठवलं, "फक्त आकडा पाठवत जा." तिच्या आईने विचारलं, काय म्हणते? म्हटलं, चोपन्न. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. मी बाजारात तपासणीवर होतो, एका दुकानदाराशी वाद चालला होता. फोन खिशात वाजून बंद झाला. मी परत केला नाही. पुढच्या रविवारी तू नुसता आकडा पाठवलास, आणि मला वाटलं, पोरगी शहाणी आहे, सांगितलेलं ऐकते.

तेव्हा मला भीती वाटली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. "बोलायचं होतं" हे वाचलं आणि हातातला घास बशीत परत ठेवला. काही ऐकावं लागेल आणि ऐकलं की काहीतरी करावं लागेल, हे मला कळलं होतं. आकड्याचं तसं नसतं. मर्यादेत असेल तर छाप मारायची, नसेल तर नोटीस द्यायची. या दोन्हीपलीकडे तिसरं काही मला येत नाही.

सोमवारी मी रेक्टरबाईंना फोन करून विचारलं की तू समितीला काय काय दिलं आहेस. दवाखान्याची चिठ्ठी, फ्रिजवरच्या कागदाबद्दल कबुली, किल्लीबद्दलचा मजकूर. तो १२ तारखेचा निरोप तू दिलेला नाहीस. तो एक निरोप दाखवला असतास तर माझी तक्रार तिथल्या तिथे फाडून टाकली असती त्यांनी. तुझी परीक्षा टांगणीला लागली असताना तू तो खिशात ठेवलास. का, ते मला कळत नाही. माझी कीव केली असशील तर ती मला नको आहे. मुंगीसाठी केलं असशील तर मग मला बोलायला जागा नाही.

आज सकाळी बसने आलो आणि जबाब रेक्टरबाईंच्या हातात दिला. २७ पर्यंत थांबलो असतो तर मी त्यात काहीतरी बदल केला असता, मी स्वतःला आता ओळखतो. मजकूर तुला माहीत असावा म्हणून उतरवून देतो.

"काटा तपासला. बरोबर आहे. त्यावरच्या नोंदी आणि मला आलेले आकडे तंतोतंत जुळतात. आकडे पाठवणाऱ्या मुलीने एकदाही खोटं माप दिलेलं नाही. बारा ऑक्टोबरला तिने मला सांगायचा प्रयत्न केला, तो मी लेखी थांबवला. निरोपाची प्रत सोबत जोडली आहे. चोपन्न किलो आणि एक किलो इकडेतिकडे ही मर्यादा मी ठरवली होती. ती मोडली तर शिक्षण बंद करीन अशी धमकीही मीच दिली होती. माझी तक्रार मागे घेत आहे."

रेक्टरबाईंनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "तुम्ही नीट विचार केलाय ना? हा कागद फाइलला राहील." म्हटलं, राहू दे. त्या म्हणाल्या, "म्हणजे मुलीवर काही ठपका नाही?" मी म्हटलं, "फ्रिजवरची चिठ्ठी काढायला सांगा तिला. स्वतःच्या हाताने."

ती काढ. ते मी सोडणार नाही. मी हत्तीण म्हणालो आणि तू मुंगीचं फुगलेलं पोट काढलंस, त्या दोन विनोदांच्या मधल्या जागेत माझी मुलगी वर्षभर राहिली. तुला तेव्हा माहीत नव्हतं, मला तर बाप असून माहीत नव्हतं.

सात डबे रेक्टरबाईंकडे ठेवले आहेत. तिच्या आईने प्रत्येकात काहीतरी भरून दिलं आहे. मी काय ते विचारलं नाही. नावाप्रमाणे मुलींना वाटून दे. तुझं नाव एकाही डब्यावर नव्हतं. तुझं ती न विचारता खात असेल, किंवा तुझ्याकडचं खायचंच नाही असं तिने ठरवलं असेल. तुला माहीत असेल.

समोरासमोर यायची माझी तयारी नाही. आजही तू जिना उतरताना मला दिसलीस, उंचीवरून ओळखलं, आणि मी मेसच्या बाजूने बाहेर पडलो. तू त्या खोलीत राहतेस, तिच्याकडची खिडकी तू उघडतेस आणि बंद करतेस, हे मला अजून सहन होत नाही. त्यात तुझी चूक नाही हे मला समजतं. समजून उपयोग होत नाही.

एप्रिलची परीक्षा दे. नापास झालीस तर मला फार राग येईल.

आणि परीक्षा झाल्यावर, किंवा त्याआधी जमलं तर, पत्र लिही. ती तुमच्या खोलीत कशी राहायची, कशाला घाबरायची, किल्ली मागताना काय म्हणायची, शुक्रवारी किल्ली दिल्यावर तिचा चेहरा कसा व्हायचा. कधी चांगली असायची का, तुम्ही कशावर हसायचात. त्या रविवारी तुला मला काय सांगायचं होतं. ऐकायला आम्ही दोघं आहोत, मी वाचीन आणि तिची आई मशीन थांबवेल.

फक्त आकडा पाठवू नकोस. बाकी सगळं लिही.

मुंगीचा बाप